ऑथरिन लूसीच्या वाटेने: बर्मिंगहॅम, टस्कलूसा आणि अलाबामाची काळी माती

ऑथरिन लूसीला ग्रंथपाल व्हायचं होतं. अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीची सगळी वर्षं काढलेल्या मला तिची ओढ लागली ती यामुळेच. १९५६ च्या फेब्रुवारीत ती अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकायला गेली. तोवर गोऱ्यांसाठीच राखलेल्या त्या विद्यापीठात वर्गात बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. तिला तिथे तीन दिवस शिकू दिलं. पदवी मिळाली ती १९९२ साली.

एप्रिलच्या सुरुवातीला लेकीकडे अटलांटाला होते. तिने नायगारा, डिस्ने, न्यूयॉर्क अशी यादी पुढे ठेवली. मी टस्कलूसा म्हटलं, ऑथरिनच्या विद्यापीठाचं गाव. जावयांनी नकाशा उघडला, म्हणाले, "आई, हे तर शेजारच्याच राज्यात आहे, गाडीनेच जाऊ." शुक्रवारी सकाळी निघालो.

शुक्रवार: अटलांटा ते बर्मिंगहॅम

रस्ता सरळ आहे, अडीच तासांचा. अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे जाताना तास पदरात पडतो. या दिवसांत पाइनच्या झाडांचे परागकण इतके उडतात की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची काच सकाळी पिवळी झालेली असते. दम्याचा त्रास असेल तर औषध जवळ ठेवा. त्या पिवळ्या धुरळ्यातही रस्त्याकडेला डॉगवूडची पांढरी फुलं मात्र डोळे निववतात.

बर्मिंगहॅम हे पोलादाचं गाव. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही एकमेकांजवळ सापडले म्हणून ते वसलं. आम्ही आधी गावाबाहेर फेअरफील्डला गेलो. पोलाद कारखान्याच्या या वस्तीत माइल्स कॉलेज आहे. प्रवासी इकडे येत नाहीत. आवार लहान, झाडं मोठी. आम्ही फिरत असताना तिथल्या एका कर्मचारी बाईंनी गाडी थांबवून काच खाली केली आणि काही हवंय का, असं विचारलं. मी ऑथरिनचं नाव घेतलं. "आणि पोली?" त्यांनी लगेच विचारलं. पुढचे सगळे दिवस हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पोली अ‍ॅन मायर्स ही ऑथरिनची माइल्समधली मैत्रीण. ऑथरिन बुजरी, मितभाषी. पोली धडाडीची आणि एनएएसीपी या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत वावरणारी. आपण दोघींनी राज्याच्या विद्यापीठात अर्ज करायचा, ही कल्पना पोलीची. ऑथरिनला आधी ती थट्टाच वाटली होती. सप्टेंबर १९५२ मध्ये दोघींचे अर्ज गेले, मंजूरही झाले आणि वसतिगृहात जागाही राखली गेली. अर्जात वंशाचा रकाना नव्हता. दोघी कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर मात्र विद्यापीठाने पाठ फिरवली.

तिथून पुढे सुरू झाला खटला. बर्मिंगहॅमचे वकील आर्थर शोअर्स, न्यूयॉर्कहून आलेल्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली आणि त्यांच्या पाठीशी थर्गुड मार्शल. मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि मॉटली फेडरल न्यायाधीश होणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. शोअर्स राहायचे ती टेकडी आम्ही संध्याकाळी पाहिली. साधी बैठी घरं, पुढे हिरवळ. कृष्णवर्णीय कुटुंबं इथे घरं घेऊ लागली तेव्हा इतके बॉम्ब टाकले गेले की वस्तीचं नावच 'डायनामाइट हिल' पडलं. शोअर्स यांच्या घरावर १९६३ मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बॉम्ब पडला. तरी ते गाव सोडून गेले नाहीत.

दुपारी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चजवळ होतो. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी इथल्या बॉम्बस्फोटात अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. समोरच्या केली इंग्रम बागेत निदर्शकांवर सोडलेल्या, अंगावर झेप घेणाऱ्या पोलिसी कुत्र्यांची शिल्पं आहेत. वाट दोन्ही बाजूंच्या कुत्र्यांमधून जाते. जावई पुढे होते. मधोमध पोचल्यावर त्यांनी मागे वळून लेकीचा हात धरला. मी काही बोलले नाही, पण शिल्पकाराला काय साधायचं होतं ते मला तेव्हा कळलं.

बागेसमोरच्या नागरी हक्क संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. रविवार-सोमवार टाळा आणि वेळा आधी पाहून घ्या.

जेवणाबद्दल सांगायलाच हवं. इथल्या साध्या खानावळींत 'मीट अँड थ्री' मिळतं, म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेबल प्लेट' मागा, नुसत्या भाज्यांची थाळी मिळते. भाज्यांच्या यादीत चीज घातलेली मॅकरोनीही असते, तिला इकडे भाजीच मानतात. पण कोलार्डच्या पालेभाजीत आणि चवळीत बहुतेक वेळा डुकराचं मांस घालून शिजवतात, हे विचारून घ्या. वाढणाऱ्या बाईंनी मला न कंटाळता एकेक पातेलं दाखवून "हे चालेल, हे नाही" असं सांगितलं. तळलेली भेंडी, रताळी, गरम कॉर्नब्रेड आणि दात शिवशिवतील इतका गोड थंड चहा असं जेवण झालं.

शनिवार: टस्कलूसा

बर्मिंगहॅम ते टस्कलूसा आज तासाभराचा रस्ता आहे. १९५६ मध्ये हा महामार्ग नव्हता. कोर्टाच्या आदेशामुळे ऑथरिनला प्रवेश द्यावा लागला, पण वसतिगृह आणि भोजनगृह तिला बंद, असं विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ठरवलं. त्यामुळे तिला वर्गासाठी रोज बर्मिंगहॅमहून गाडीने यावं लागायचं, जवळजवळ ९५ किलोमीटर. पोलीला तर दारातच अडवलं. विद्यापीठाने दोघींच्या मागे गुप्तहेर लावले होते. पोलीच्या लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या तारखा जुळवून तिच्या वर्तनावर बोट ठेवलं आणि ऐन नावनोंदणीच्या तोंडावर तिचा अर्ज फेटाळला. ऑथरिन एकटी पडावी आणि घाबरून परत जावी, हाच त्यामागचा हिशोब असणार, असं मला वाटतं. ती परत गेली नाही.

विद्यापीठाचं आवार देखणं आहे. मध्ये विस्तीर्ण हिरवळ, कडेने विटांच्या खांबांच्या इमारती, एका टोकाला डेनी चाइम्सचा उंच मनोरा. पाव-पाव तासाने त्याच्या घंटा वाजतात. अझेलियाची झुडपं गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली. हिरवळीवर मुलंमुली चटया टाकून अभ्यास करत होती. गोरी, कृष्णवर्णीय, आपल्याकडचीही बरीच. (शरद ऋतूतला फुटबॉलचा शनिवार मात्र टाळा. इथलं स्टेडियम एक लाखाचं आहे. हॉटेलांचे भाव अनेक पटींनी चढतात, गाडी लावायला जागा मिळत नाही.)

मला ६ फेब्रुवारी १९५६ ची वाट चालायची होती. शुक्रवार ३ तारखेला ऑथरिन पहिल्यांदा वर्गात बसली. त्याच रात्री विद्यार्थ्यांचा जमाव निघाला, क्रॉस जाळला गेला, म्हणजे कृष्णवर्णीयांना उघड धमकीच. शनिवारी तणाव वाढला. सोमवारी सकाळी ती स्मिथ हॉलमध्ये भूगोलाच्या तासाला आली, तेव्हा बाहेर जमलेल्यांत विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरचेच खूप होते. जमाव हजाराच्या वर गेला.

स्मिथ हॉलमध्ये आजही निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे. उंच काचेच्या छताखाली प्राचीन देवमाशाचा लांबलचक सांगाडा टांगलेला आहे. इथे मला अनपेक्षित काही सापडलं. सिलाकॉगा गावात ३० नोव्हेंबर १९५४ रोजी घराचं छप्पर फोडून एक उल्का आत पडली आणि सोफ्यावर झोपलेल्या अ‍ॅन हॉजेस या बाईंना लागली. ती उल्का इथेच ठेवली आहे. काळा, जळका, नारळाहून थोडा मोठा दगड. काउंटरवरच्या स्वयंसेवक आजोबांनी त्याची गोष्ट रंगवून सांगितली. मग मी ऑथरिनच्या वर्गाबद्दल विचारलं. ते खुर्चीवरून उठले, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "ती मागच्या बाजूने बाहेर पडली. चला, दाखवतो."

भूगोलाचा तास संपल्यावर तिला पुढच्या तासासाठी गाडीतून नेण्यात आलं. बरोबर विद्यापीठातल्या मुलींच्या डीन साराह हीली आणि कुलगुरूंचे सहायक जेफरसन बेनेट होते. गाडीवर अंडी आणि दगड पडत होते. पुढचा तास ग्रेव्हज हॉलमध्ये होता. विषय बालसाहित्य.

बालसाहित्य! मी नोकरीत रुजू झाले तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा सोपवलेलं कपाट बालविभागाचंच होतं. ती वाट मी चालले. चार-सहा मिनिटं लागतात. त्या दिवशी ती वर्गापर्यंत पोचली, पण बाहेर पडू शकली नाही. इमारतीला वेढा पडला, तिला मारून टाकण्याच्या घोषणा होत होत्या. तास न् तास ती आत कोंडलेली होती. शेवटी राज्य पोलिसांनी तिला बाहेर काढून गाडीत बसवलं. बाहेरून दिसू नये म्हणून ती आडवी पडून राहिली. त्याच रात्री विद्यापीठाने तिला निलंबित केलं. कारण दिलं होतं तिच्याच सुरक्षिततेचं.

इमारतीपुढच्या फलकावर हा मजकूर लेक मोठ्याने वाचत होती. अंड्यांपाशी ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "आई, सावित्रीबाईंचं दुसरं लुगडं."

पुढची हकीकत मला त्या दगडफेकीपेक्षा जास्त संतापजनक वाटते. विद्यापीठ जमावाला सामील होतं, असा आरोप तिच्या वकिलांनी कोर्टात केला. पुरावा देता येणार नाही असं दिसल्यावर त्यांनी तो मागेही घेतला. २९ फेब्रुवारीला न्यायमूर्ती हॉबर्ट ग्रूम्स यांनी तिला परत घेण्याचा आदेश दिला. विश्वस्तांनी त्याच दिवशी विद्यापीठाची बदनामी केल्याचा ठपका ठेवून तिला कायमचं काढून टाकलं. दगड मारणारा जमाव एका दिवसाचा होता. हा ठराव मात्र शुद्धीवर असलेल्या, शिकल्यासवरलेल्या माणसांनी टेबलाभोवती बसून केला आणि तो ३२ वर्षं कागदावर राहिला. एप्रिल १९८८ मध्ये तो रद्द झाला.

१९८९ मध्ये ऑथरिन परत आली. तेव्हा ती साठीला टेकली होती. मधल्या काळात तिने ह्यू फॉस्टर यांच्याशी लग्न केलं होतं, टेक्सासला संसार केला होता. तिचं नाव वर्तमानपत्रांत गाजलेलं, म्हणून सुरुवातीला शिक्षिकेची नोकरी मिळणं कठीण झालं होतं. ती परतली तेव्हा तिची मुलगी ग्राझिया त्याच विद्यापीठात शिकत होती. मे १९९२ च्या पदवीदान समारंभात आईला प्राथमिक शिक्षणातली एम.ए. आणि मुलीला वाणिज्य शाखेतली पदवी एकाच वेळी मिळाली.

इमारतीच्या पायऱ्यांवर शिक्षणशास्त्र शिकणारी एक कृष्णवर्णीय मुलगी डबा खात बसली होती. मी ग्रंथपाल होते हे कळल्यावर तिने पिशवी बाजूला सारून आम्हाला बसायला जागा दिली. इमारतीच्या नावाची गोष्ट तिने सांगितली. पूर्वीचं नाव गव्हर्नर बिब ग्रेव्हज यांचं. हे गृहस्थ कु क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे प्रमुख होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये विश्वस्तांनी नाव बदलून 'लूसी-ग्रेव्हज हॉल' ठेवायचं ठरवलं! तिच्या नावाला क्लानच्या माणसाचं नाव जोडून त्यालाच गौरव म्हणायचं. विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी इतका आवाज उठवला की आठवडाभरात निर्णय फिरवावा लागला. आता नाव आहे 'ऑथरिन लूसी हॉल'. २५ फेब्रुवारीच्या नामकरणाला ऑथरिन स्वतः आल्या होत्या. २ मार्चला त्या गेल्या, वयाच्या ९२ व्या वर्षी. "माझे सगळे तास याच इमारतीत होतात," ती मुलगी म्हणाली. "आजीला मी रोज पत्ता सांगते, तिला ते नाव परत परत ऐकायचं असतं."

तिथून फॉस्टर सभागृहाकडे गेलो. जगाला ठाऊक आहे तो हाच दरवाजा. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस इथे वाट अडवून उभे राहिले, राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या सैन्यदलाला, आपल्या हुकमाखाली घेतलं आणि व्हिव्हियन मलोन व जेम्स हूड या दोघांचे प्रवेश झाले. टीव्हीचे कॅमेरे होते, त्यामुळे ते दृश्य अजरामर झालं. त्यात बोलणारे, अडवणारे, हुकूम देणारे सगळे गोरे पुरुष आहेत, व्हिव्हियन तेव्हा गाडीत बसलेली होती. १९६५ मध्ये ती इथून पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. सभागृहापुढच्या चौकाला मलोन आणि हूड यांचं नाव आहे, मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याला ऑथरिनचं. चौक संध्याकाळी बघा, उन्हाचा ताप कमी होतो.

रात्री जावयांच्या हट्टाखातर ड्रीमलँडला गेलो. १९५८ पासूनचं हे ठिकाण. लाकडाच्या धगीवर भाजलेल्या बरगड्या, आंबटतिखट सॉस, तो पुसून खायला साधा पांढरा पाव. मी पावावर आणि केळ्याच्या पुडिंगवर भागवलं. शाकाहाऱ्यांनी आधी पोट भरून जावं.

मध्यरात्रीनंतर भोंगे वाजले. तिघांचेही फोन एकदम किंचाळायला लागले. टोर्नेडोची सूचना होती. हॉटेलच्या रात्रपाळीच्या मुलीने सगळ्यांना तळमजल्यावरच्या आतल्या बोळात बसवलं, उशा डोक्यावर धरायला दिल्या आणि लहान मुलांना बिस्किटं वाटली. २७ एप्रिल २०११ चं वादळ हे गाव चिरत गेलं होतं, त्यामुळे इथे कोणी आळस करत नाही. आमच्यावरून नुसता पाऊस गेला. वसंतात इकडे येणार असाल तर लक्षात ठेवा: 'वॉच' म्हणजे वादळ होण्याजोगी हवा, 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलेलं आहे. दुसऱ्यात खिडकीपाशी जाऊन फोटो काढू नका, खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत जा. फोनवरच्या सूचना बंद ठेवू नका.

रविवार: चर्च आणि एक केशकर्तनालय

आकाश धुतल्यासारखं निळं होतं. सकाळी फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमधल्या प्रार्थनेला गेलो. ९ जून १९६४ रोजी इथून मोर्चा निघणार होता. नव्या कोर्टाच्या इमारतीत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी पाण्याचे नळ आणि शौचालयं वेगळी केली होती, त्याविरुद्ध. पोलिसांनी लोकांना चर्चच्या दारातच बडवलं आणि अश्रुधुराची नळकांडी आत सोडली. गावातले लोक त्या दिवसाला 'ब्लडी ट्यूसडे' म्हणतात.

पाहुणे म्हणून आम्हाला उभं करून स्वागत केलं. प्रार्थना दोन तास चालली. गाणाऱ्या बायकांचा आवाज छातीत घुमत होता. नीट कपडे करून जा आणि मध्येच उठून येऊ नका, हे वेगळं सांगायला नकोच.

नंतर खालच्या सभागृहात जेवण होतं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या. जांभळी टोपी, पांढरे हातमोजे. त्या सगळ्यांना 'बेबी' म्हणत होत्या, साठी ओलांडलेल्या मलासुद्धा. १९५६ मध्ये त्या आठ वर्षांच्या होत्या. त्या सोमवारी आईने भावंडांना अंगणातही जाऊ दिलं नव्हतं. "लोक येतात, दरवाजा बघतात, वॉलेसचा फोटो काढतात," त्या म्हणाल्या. "मला विचारतात, तीन दिवसांत त्या मुलीने मिळवलं काय? बेबी, कोर्टाचा कागद तिच्या नावाचा होता."

मी रात्री पुस्तकं काढून बसले आणि त्यांचं म्हणणं पटलं. जुलै १९५५ चा ग्रूम्स यांचा आदेश फक्त अर्जदारांपुरता नव्हता. वंशाच्या कारणावरून प्रवेश नाकारण्याची मनाई त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९५५ मध्ये ऑथरिन आणि पोलीच्या बाबतीत तो लागू केला. विद्यापीठाने ऑथरिनला काढलं तरी आदेश रद्द झाला नाही. १९६३ च्या मे महिन्यात न्यायाधीश पुन्हा तेच ग्रूम्स होते, आणि जुना आदेश अजून बंधनकारक आहे असं सांगून त्यांनी व्हिव्हियन आणि जेम्सचा मार्ग मोकळा केला. वॉलेस दारात उभे राहण्याआधीच ती बाजी कागदावर जिंकलेली होती. हे मला टस्कलूसातल्या कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचं वाटतं.

बाईंना मी पुण्याच्या जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अर्पण केलं होतं. बाईंनी पर्समधून वही काढली आणि नाव लिहून द्यायला लावलं, साल दोनदा विचारलं. लेकीने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली: १९६५ चा नवा स्थलांतर कायदा याच चळवळीच्या लाटेत झाला आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं. "मग तुम्ही योग्य गावाला आलात," त्या म्हणाल्या आणि आमच्या ताटात पीच कॉब्लर वाढलं.

दुपारी हॉवर्ड-लिंटन केशकर्तनालय पाहिलं. रविवार, त्यामुळे बंद होतं. विद्यापीठातून सुटका झाल्यावर ऑथरिनला आधी इथे आणलं होतं. तिच्या केसांतली, कपड्यांवरची अंडी इथल्या माणसांनी धुऊन काढली आणि मगच तिला बर्मिंगहॅमला पाठवलं. टस्कलूसाच्या नागरी हक्क वाटेवर हा एक थांबा आहे. या वाटेचा नकाशा घेऊन चालत फिरता येतं, पण हे ठिकाण थोडं लांब आहे, गाडी बरी. संध्याकाळी ब्लॅक वॉरिअर नदीकाठी वारा खाल्ला.

सोमवार: मरेंगो काउंटी, सेल्मा, माँटगोमेरी

न्याहारीला ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या. मीठ-लोणी घालून छान लागतात. मग दक्षिणेला निघालो. इउटॉ, डेमोपोलिस, लिंडन. डेमोपोलिस सोडल्यावर जावयांनी गाडी कडेला घेतली, कारण मी ओरडले होते. नांगरलेल्या शेतात काळीभोर माती दिसत होती, आपल्या वऱ्हाडासारखी. पावसाने चिकट झालेली, बुटाला धरणारी. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. या मातीत गुलामांकडून कापूस पिकवला गेला. १८६१ ते १८६५ च्या यादवीत हा कापूस इंग्लंडला जायचा थांबला तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आमचं खामगाव त्यातच वाढलं. माझ्या आजोळचे कापसाचे व्यापारी होते. आमच्या घरच्या बरकतीचं एक टोक इथे आहे, हे मला ठाऊक होतं. ती माती हातात घेतल्यावर ते ठाऊक असणं वेगळं झालं.

आता इथे कापूस कमीच. कुरणं आहेत आणि कॅटफिश माशांची तळी. याच मरेंगो काउंटीत शायलो नावाच्या वस्तीवर ५ ऑक्टोबर १९२९ रोजी ऑथरिनचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातलं दहावं, शेंडेफळ. लहानपणी तिनेही कापूस वेचला. लिंडनला शाळा, मग सेल्माला दोन वर्षं, मग माइल्स कॉलेज. शायलोत बघण्यासारखं 'स्थळ' नाही. विखुरलेली घरं, पाइनची रानं, कोणी हात केला की परत हात करणारी माणसं. या भागात फोनला रेंज जाते आणि पेट्रोल पंप लांब-लांब आहेत. टाकी डेमोपोलिसला भरा.

सेल्माचा एडमंड पेटस पूल चालत ओलांडला. ७ मार्च १९६५ ला याच पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. गाव खिन्न वाटलं, बंद दुकानं फार. दुपारी माँटगोमेरी. गुलामगिरीचा आणि वर्णभेदाचा इतिहास मांडणारी इथली लेगसी संग्रहालयं सोमवार-मंगळवारी बंद असतात. त्यांच्यासाठी यायचं असेल तर दुसरा वार निवडा.

डेक्स्टर रस्त्यावरचं मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च आम्ही बाहेरूनच पाहिलं. ऑथरिन टस्कलूसाला गेली तेव्हा इथे बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बस बहिष्कार ऐन भरात होता. ३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि १ फेब्रुवारीला ऑथरिनने नाव नोंदवलं. तो बॉम्ब ऐकूनही ती गेली. तिला हाकलल्यानंतर विद्यापीठात शांतता नांदते आहे, असं टस्कलूसाच्या वर्तमानपत्राने लिहिलं. मार्चमध्ये किंग यांनी त्या शांततेवरच प्रवचन दिलं. जमावापुढे मान तुकवून विकत घेतलेली शांतता किळसवाणी असते, असा त्याचा आशय होता.

चारच्या सुमारास निघालो. परतताना तो तास हातचा जातो, त्यामुळे अटलांटाला पोचायला साडेसात वाजले. गाडीत लेक म्हणाली, "आई, पोलीचं पुढे काय झालं?" पोलीला अलाबामा विद्यापीठाने आत घेतलंच नाही. ती डेट्रॉइटला गेली. मी फोनवर साठवलेला निकाल उघडून तिला वाचून दाखवला. खटला 'लूसी विरुद्ध अ‍ॅडम्स' या नावाने ओळखला जातो, अ‍ॅडम्स म्हणजे विद्यापीठाचे प्रवेश अधिकारी. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात दोघींचीही नावं आहेत.